पडद्यावरचं ‘अहिल्यानगर’ कोण लिहितं?

मोबाइल हातात घ्या आणि मराठी कीबोर्डवर ‘पाथर्डी’ हा शब्द एकेक अक्षर दाबत, पडद्यावरून नजर न हलवता टाइप करा. पा येतो, थ येतो, त्याच्या शेजारी र उभा राहतो. त्या र चा पाय मोडा. आता ड दाबा. उभा र एकदम नाहीसा होतो आणि ड च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. शेवटी दुसरी वेलांटी द्या आणि नीट पाहा. रफार ड वरून उठतो आणि वेलांटीच्या माथ्यावर जाऊन बसतो. हाताने लिहितानाही आपण तो तिथेच देतो, कारण शाळेत बाईंनी तसंच शिकवलेलं असतं. फोनला हे कुणी शिकवलं?

फोनला मराठी येत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. तरीही नगर जिल्ह्यातली सगळी अवघड नावं तो बिनचूक लिहितो: कर्जतचा रफार, श्रीगोंद्याचा श्र, सह्याद्रीतला ह्य आणि अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडाची ती लागोपाठ येणारी जोडाक्षरं. ही विद्या ज्यांनी त्याला दिली त्यांनी आपल्याकडून एक रुपयाही घेतलेला नाही. ती कशी दिली हे कुणालाही वाचता यावं म्हणून त्यांनी जगापुढे उघडी ठेवली आहे. मुक्त सॉफ्टवेअर किंवा ओपन सोर्स म्हणतात ते हेच, आणि ते समजून घ्यायला जिल्ह्याचं नवं नाव पुरेसं आहे.

३१ मे २०२३ रोजी चौंडीला अहिल्यादेवींच्या जयंतीच्या कार्यक्रमात तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अहमदनगरचं ‘अहिल्यानगर’ होणार असं जाहीर केलं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नामांतर पूर्ण झालं. बोलण्यात नगर हे नगरच राहिलं, पण कागदोपत्री नाव बदललं. हे नाव फोनच्या पोटात असं साठवलेलं असतं: २३०९, २३६१, २३६७, २३५४, २३८१, २३५१, २३६६, २३४४, २३२७, २३५२. दहा आकडे. २३०९ म्हणजे अ, २३६१ म्हणजे ह. तिसरा आकडा २३६७ ही पहिली वेलांटी. डोळ्यांना ती ह च्या आधी दिसते, पण साठवताना ह नंतर येते, कारण आपण उच्चार त्या क्रमाने करतो. २३५४ हा ल, त्यानंतरचा २३८१ म्हणजे पाय मोडण्याची खूण, मग य, मग काना. पुढे न, ग, र.

हे आकडे युनिकोड या जागतिक प्रमाणाने ठरवले आहेत. भारतात १९८८ मध्ये इस्की नावाचं प्रमाण तयार झालं होतं. युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच्यावरूनच घेतली. यात मोठं काय आहे, हे ज्यांनी आधीचा काळ पाहिलाय त्यांना सांगावं लागणार नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टायपिंग म्हणजे एक वेषांतर होतं. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच असायचा, फक्त इंग्रजी अक्षरांच्या जागी फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची वाटणी वेगळी. एका छापखान्यातली फाइल दुसरीकडे उघडली आणि तिथे तोच फॉन्ट नसला, की पानभर चिन्हांचा कचरा. शब्द शोधता येत नसे, नावांची अकारविल्हे यादी करता येत नसे. गावोगावच्या स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, कुणाच्या आयुष्यभराच्या कविता अशा फायलींमध्ये अडकून पडल्या. एका कंपनीवर विसंबून राहणं म्हणजे काय, हे मराठी माणूस ‘बिग टेक’ हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी शिकला होता. आपलेच शब्द वाचायला दुसऱ्याची किल्ली लागत होती.

युनिकोडने ती किल्ली सार्वजनिक केली. पण दहा आकडे म्हणजे नाव नव्हे. त्यातली वेलांटी ह च्या पुढे आणायची, ल आणि य यांचा जोड करायचा, हे कुणीतरी दर वेळी करावं लागतं. अँड्रॉइड फोनमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये हे काम हार्फबझ नावाचा प्रोग्राम करतो. तो आधी आकड्यांची माळ अक्षरांत तोडतो: अ, हि, ल्या, न, ग, र. मग प्रत्येक अक्षरात कोण पुढे, कोण मागे, कोण डोक्यावर हे ठरवतो. त्यानंतर फॉन्टला विचारतो, तुझ्याकडे अर्धा ल आहे का, या ह ला शोभेल एवढ्या रुंदीची वेलांटी आहे का? चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये पहिल्या वेलांटीचीच अनेक मापं असतात, अरुंद र साठी वेगळी, रुंद क साठी वेगळी. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, आणि बोटाने पान वर सरकवलं की शेकडो शब्दांसाठी होतं. बातमीच्या एका ओळीमागे एवढी धावपळ चालते हे कळल्यापासून साधा मेसेजसुद्धा मी थोडा थांबून बघते.

हार्फबझचं आजचं रूप मुख्यतः बेहदाद एस्फाबोद यांनी घडवलं. ते इराणमध्ये वाढले आणि पुढे कॅनडाला गेले. त्यांची मातृभाषा फारसी, ती उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. देवनागरी, बंगाली, तमिळ अशा भारतीय लिप्यांचे नियम प्रोग्राममध्ये बसवले तेव्हा ते बरोबर बसले की नाही, हे ताडायची त्यांची रीत मला फार आवडते. विकिपीडियावरून शब्द गोळा करायचे, तोच शब्द मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम कसा मांडतो आणि आपला कसा मांडतो हे एकेक करून पडताळायचं. देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द त्यांनी असे तपासले. जुळले नाहीत ते शंभराच्या आत. ज्या भाषा आपल्याला बोलता येत नाहीत त्यांच्या लिपीसाठी इतकी निगुती! आणि हा हिशेबही त्यांनी कोडच्या नोंदींत सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवला.

मराठीचं घोडं जिथे अडतं ती जागा आणखी वेगळी. ‘शेतकऱ्याला’ हा शब्द घ्या. ऊस, कांदा आणि दुधाच्या या जिल्ह्यात बाजार समितीचा, सोसायटीचा, बँकेचा कुठलाही फलक त्यावाचून पूर्ण होत नाही. यातला अर्धा र रफार होत नाही, तो य ला बाजूने चिकटलेली छोटी वळणदार रेघ होतो. ‘कार्य’ आणि ‘दऱ्या’ मोठ्याने म्हणून पाहा, फरक कानाला कळतो. हिंदीला हा र लागत नाही, त्यामुळे फक्त हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या व्यवस्थेत आपला शेतकरी ‘शेतकर्याला’ असा चुकीचा उमटतो. असे फलक आपण सगळ्यांनी पाहिलेत. युनिकोडमध्ये २३५३ क्रमांकावर ऱ आहे. ही जागा मुळात द्रविड भाषांमधला एक खास र देवनागरीत लिहिता यावा म्हणून होती. त्याच ऱ चा पाय मोडला की आपली ती रेघ मिळते. म्हणजे मराठी शेतकरी पडद्यावर नीट उभा राहतो तो दक्षिणेच्या भाषांसाठी राखलेल्या जागेवर. मला हे विलक्षण वाटतं, आणि सुंदरही.

ल ची गोष्टही तशीच. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. पण सरकारी कागदावर ठरलं म्हणून फोनमध्ये उमटत नाही, त्यासाठी कुणीतरी फॉन्टमध्ये ती पाकळी काढावी लागते. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याने दिला, तो आज असंख्य मराठी संकेतस्थळांवर आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा फॉन्ट सर्वांना विनामूल्य दिला. गूगलने पैसा ओतून तयार करवलेले ‘नोटो’ हे फॉन्ट २०१५ पासून अशाच परवान्याखाली आहेत. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोठ्या कंपन्या म्हणजे सरसकट खलनायक नव्हेत. एस्फाबोद यांनी रेड हॅट, गूगल, फेसबुक अशा कंपन्यांमध्ये नोकरी करत हे काम पुढे नेलं. प्रश्न पैसा कुणाचा हा नाही, परवाना कोणता हा आहे. खुल्या परवान्याने एकदा दिलेला फॉन्ट किंवा कोड परत घेता येत नाही. उद्या कंपनीचं धोरण बदललं, कंपनी विकली गेली, तरी नोटोचा आजचा ल आपलाच राहील.

ही कल्पना पहिल्यांदा ठामपणे मांडली ती रिचर्ड स्टॉलमन यांनी. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याचं, त्याच्या आत पाहण्याचं, ते बदलण्याचं आणि दुसऱ्याला देण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला हवं, असं त्यांचं म्हणणं. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला, आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी तोच आहे. नगरकरांना हे परकं वाटू नये. प्रवरा खोऱ्यात खासगी साखर कारखाने आधीपासून होते. ऊस शेतकऱ्याचा आणि भाव ठरवणार कंपनी, ही रीत मोडून १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना प्रवरानगरला उभा केला. ज्यावर आपलं पोट आहे ते यंत्र आपल्या ताब्यात असावं, हा विचार या मातीत पंचाहत्तर वर्षांपूर्वी रुजला. कोडचं तर त्याहून सोपं. साखर वाटली की संपते, कोड वाटला तरी तेवढाच राहतो. राबणारे हात मात्र थोडे असतात आणि त्यांचीही पोटं असतात. बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तेव्हा म्हणूनच मला मनापासून आनंद झाला.

आता खाजगीपणाचा मुद्दा, आणि तोही एस्फाबोद यांच्यापासूनच सुरू होतो. जानेवारी २०२० मध्ये ते घरच्यांना भेटायला तेहरानला गेले होते. तिथे क्रांती रक्षक दलाच्या गुप्तचरांनी त्यांना अटक केली, एविन तुरुंगात सात दिवस एकांत कोठडीत ठेवलं आणि त्यांच्या फोन-लॅपटॉपमधल्या सगळ्या खासगी माहितीच्या प्रती काढून घेतल्या. परदेशातल्या मित्रांवर पाळत ठेवून आम्हाला कळवत जा, असा दबाव आणला. सुटून बाहेर पडल्यावर त्यांनी हे जगाला सांगितलं. ज्या माणसाने आपलं काम जगापुढे उघडं ठेवलं, त्याचीच पत्रं आणि संभाषणं बळजबरीने उघडली गेली. कोड उघडा असणं आणि माणूस उघडा पडणं या एकमेकांविरुद्धच्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आपल्या हातातल्या फोनपुरतं बोलायचं तर सगळ्यात नाजूक जागा कीबोर्डची. नवा कीबोर्ड बसवताना अँड्रॉइड एक इशारा दाखवतं: तुम्ही टाइप केलेला सगळा मजकूर, पासवर्ड आणि कार्डाचे क्रमांकसुद्धा, हा कीबोर्ड गोळा करू शकतो. आपण ‘ओके’ दाबून पुढे जातो. तो इशारा खोटा नाही. हार्फबझपर्यंत अक्षर पोहोचतं ते कीबोर्डच्या हातून, म्हणजे आपला प्रत्येक शब्द तो सगळ्यांच्या आधी वाचतो. टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने एप्रिल २०२४ मध्ये नऊ कंपन्यांचे चिनी भाषेतले कीबोर्ड तपासले. आठ कंपन्यांच्या कीबोर्डमध्ये अशा त्रुटी सापडल्या की वाटेतच कुणी टाइप केलेला मजकूर वाचू शकलं असतं. त्यात शाओमी, ओप्पो, व्हिवो, सॅमसंग ही आपल्या ओळखीची नावंही होती. कळवल्यावर बहुतेकांनी दुरुस्त्या केल्या. पण हे कीबोर्ड बंद कोडचे, त्यामुळे बाहेरच्या संशोधकांना ते कुलूप फोडल्यासारखे उलगडून पाहावे लागले.

याउलट हेलीबोर्ड नावाचा खुला कीबोर्ड आहे. त्याने फोनकडे इंटरनेटची परवानगीच मागितलेली नाही. ज्या ॲपने ही परवानगी मागितलेली नसते त्याला अँड्रॉइड स्वतःहून जाळ्याशी जोडणी करू देत नाही. म्हणजे इथे ‘आम्ही तुमचं काही बघणार नाही’ या वचनावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही, भिंतीला दारच ठेवलेलं नाही. शिवाय कोड समोर आहे, ज्याला वाचता येतो त्याने वाचून खात्री करावी. खुल्या कोडमध्ये चुका नसतात असं मी म्हणत नाही, असतात. त्या शोधायला मालकाची परवानगी लागत नाही, एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे.

नकाशाचंही असंच. जिल्ह्याचं नाव बदलल्यावर ते नकाशात कोण बदलणार? कंपनीच्या नकाशात आपण दुरुस्ती सुचवायची आणि वाट बघायची. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला खुला नकाशा. त्यात खातं उघडून कुणीही बदल करतो. तिथे एका गावाच्या नोंदीत मुख्य नाव, मराठी नाव आणि जुनं नाव यांना वेगवेगळे रकाने असतात, म्हणजे अहिल्यानगर लिहिताना अहमदनगर पुसावं लागत नाही. कोणत्या खात्यावरून कधी काय बदललं याचा इतिहासही राहतो. हाच नकाशा ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड या ॲपमध्ये आधी उतरवून घेतला, तर हरिश्चंद्रगडावर रेंज नसताना चालतो. वाट फोन स्वतःच्या आत शोधतो, त्यामुळे तुम्ही कोकणकड्याकडे निघालात हे कुणाच्याही सर्व्हरला कळायचं कारण नाही.

आणि विसंबून राहण्याची किंमत? जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या ई-मेल आणि टीम्स सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवल्या. भारतात कुठला नियम मोडला म्हणून नव्हे, युरोपीय महासंघाने नायरावर निर्बंध लादले म्हणून. पूर्ण पैसे भरलेल्या कंपनीला स्वतःचीच पत्रं दिसेनात. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. गुजरातेत वाडीनारला अवाढव्य शुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या कंपनीची ही गत, तर एखाद्या तालुक्याच्या पतसंस्थेने किंवा दूध संघाने वकील कुठून आणायचा?

सगळं आज फेकून द्या असं कुणी म्हणत नाही. मीही व्हॉट्सॲपवर आहे, माणसं तिथे आहेत म्हणून. पण काही गोष्टी आजच होण्यासारख्या आहेत. संस्थेसाठी सॉफ्टवेअर घेत असाल तर करारावर सही करण्याआधी विचारा: उद्या आम्ही सोडून गेलो तर आमच्या सभासदांची नोंद आम्हाला कोणत्या रूपात परत मिळेल, आणि ती दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये उघडेल का? उत्तर लेखी घ्या. जुन्या फॉन्टमधल्या फायली असतील तर टाइप करणारी माणसं आहेत तोवर त्या युनिकोडमध्ये आणून घ्या. फोनमधला कीबोर्ड कुणाचा आहे ते एकदा तपासा. आणि ओपनस्ट्रीटमॅप उघडून तुमचं गाव शोधा. मराठी नाव नसेल तर लिहा, चुकीचं असेल तर दुरुस्त करा, गावची बारव, ओढा, शाळा नकाशावर नसतील तर टाका. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.